उभ्या बाईची गादी

मी एक गादी आहे. पलंगावरची नव्हे. खुर्चीवर नाहीतर बाकावर टाकून एका माणसानं बसावं, एवढीच. माझ्या मधोमध हाताचा पंजा जाईल एवढं भोक आहे. हसलात? हसा. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी हसतो आणि मग विचारतो, "हिला उंदरांनी खाल्लं का?" उंदरांनी नाही खाल्लं. माझ्या मालकिणीनं, देसांकानं, मला स्वतःच्या हातानं कापलं आणि कापताना ती रडत होती.

माझा जन्म पिरोतचा. गालिचे विणणाऱ्या बायकांचं गाव ते. देसांका लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, म्हणजे स्तामेनानं, तिला आल्या आल्या मागासमोर बसवलं. आमच्या गालिच्यांवर कासवाची नक्षी असते, फार जुनी. देसांकानं पहिलं कासव विणलं ते तीन पायांचं. चौथा पाय कुठं राहिला ते तिचं तिलाही सांगता येईना. स्तामेनानं तो तुकडा उजेडात धरला आणि चष्म्यावरून सुनेकडे बघितलं.

"सूनबाई, हे कासव चालत काही घरी पोचायचं नाही."

"उसवते मी, सासूबाई."

"उसवू नकोस. याची गादी शिवते तुला. चूक बुडाखाली असली की माणूस विसरत नाही."

तर अशी मी झाले. वरती तीन पायांचं कासव, आत घरच्या मेंढ्यांची लोकर. चुकीतून जन्मले म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. उलट आपल्यावर कुणीतरी रोज हक्कानं बसतं याचा मला तोराच होता.

आमच्याकडे माग उभा असतो. बाईनं त्याच्यासमोर बसायचं, रंगीत लोकर ओवायची आणि जड फणीनं ठोकून ठोकून बसवायची. देसांका विणताना गुणगुणायची, सफरचंद खायची, धागा तुटला की सगळ्या संतांची नावं घेऊन चरफडायची. लेक झाली, ग्रोझ्दाना, तेव्हा तिला मांडीवर घेऊन विणायची. दोघींचा भार मी सोसायची. नवरा गेला त्या आठवड्यातही ती माझ्यावर येऊन बसली. हात हलत नव्हते, नुसतीच बसून राहिली. माणसाला रडायलासुद्धा बसायला जागा लागते, हे मला तेव्हा कळलं.

दुखणं सुरू झालं ते ग्रोझ्दाना शिकायला लांब, क्रागुयेवाच शहरात गेल्यावर. आधी नुसती चुळबुळ. कधी या बाजूवर भार, कधी त्या. मग एक दिवस ती बसली आणि विंचू डसल्यासारखी ताडकन उठली. माझ्याकडे वळून बघितलं. माझ्यात सुई राहिली असेल असं तिला वाटलं. मला चाचपलं, दाबलं, झटकलं, दाराबाहेर नेऊन बडवलं. सुई नव्हती.

सुई तिच्या आत होती. बसलं की पेटायचं, उभं राहिलं की जरा निवायचं, आडवं झालं की पुष्कळ बरं. दुखणं अवघड जागेचं, मांड्यांच्या मधे, खोल आत. त्या जागेचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. स्तामेना तिला 'खालचं' म्हणते, तेही आवाज खाली आणून.

शेजारच्या ल्युबिंकाला कारण लगेच सापडलं. आमच्याकडे मुलगी चालायला लागली की तिला पहिली ताकीद मिळते, दगडी पायरीवर बसू नकोस, आतून गारठशील.

"थंड दगडावर बसली असशील," ल्युबिंका म्हणाली. "आठव जरा."

"अगं, माझा जन्म गेला या गादीवर!"

"मग लहानपणी बसली असशील. गारठा काय, वाट बघत बसतो आत."

झालं! गारठा काढायची मोहीम सुरू झाली. मोज्यात गरम मीठ भरून शेक, द्राक्षाच्या दारूनं चोळणं, उन्हाळ्यातही लोकरीच्या चड्ड्या. आणि स्तामेनानं, म्हातारीला सुनेची माया फार, एक दिवस माझी शिवण उसवून आणखी लोकर ठासली. मऊ झाली की बोचणार नाही, असा तिचा हिशोब. मी भट्टीतल्या पावासारखी टम्म फुगले. आणि नेमका तो फुगवटा देसांकाला मधोमध, नको तिथेच दाबायला लागला. ती बसली की मला तिचा श्वास अडकलेला कळायचा. सासूचं मन मोडेल म्हणून "छान झालीय हो" म्हणायची आणि उठायची. मला बोलता येत असतं तर तेव्हा ओरडले असते.

मग डॉक्टर. बायकांचा डॉक्टर म्हणाला, सगळं ठीक आहे. लघवी तपासली, स्वच्छ. हाडांचा फोटो काढला, हाडं शाबूत. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "बाई, तुमचं हे नसांचं आहे," आणि मन शांत करायच्या गोळ्या दिल्या. आता आमच्या भाषेत एक घोळ आहे. 'नसांचं आहे' म्हटलं की लोक डोक्याचं समजतात. ताटं फोडणाऱ्या, रस्त्यात रडणाऱ्या बाईचं नसांचं असतं. दुसऱ्याच दिवशी गल्लीत बातमी झाली की बिचाऱ्या देसांकाचं नसांचं आहे, विधवा बाई, एकटी पडली. त्या दिवसापासून देसांकानं दुखण्याबद्दल बोलणंच टाकलं.

या न बोलण्याचा घाव बसला तो ग्रोझ्दानाच्या लग्नात. क्रागुयेवाचचंच स्थळ, तालेवार माणसं. नुसत्या लाकडापेक्षा मी बरी म्हणून देसांका मला पिशवीत घालून घेऊन गेली होती, पण सगळ्यांदेखत काढायची लाज वाटली. मी पिशवीत, कोटाखाली. व्याह्यांनी स्वतः उठून खुर्ची ओढली.

"या विहीणबाई, बसा."

"नको, मी उभी बरी आहे."

"अहो, मुलीच्या लग्नात कुणी उभं राहतं का? बसा!"

"खरंच नको."

तिसऱ्यांदाही ती नको म्हणाली तेव्हा व्याही हसले, पण ते हसू बरं नव्हतं. "पिरोतच्या बायकांना आमच्या खुर्च्या खरखरीत लागत असतील," ते म्हणाले. टेबलावरचे सगळे हसले. ग्रोझ्दाना हसली नाही. निघताना ती आईला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "माझ्या सासरच्यांबरोबर एक घास खायलाही तुला बसवलं नाही. एवढा कमीपणा वाटतो तर आलीस कशाला?"

देसांकानं कोटाखालची पिशवी उचलून काखेत धरली. विहीण शेजारीच उभी होती. कुठं दुखतं म्हणून सांगणार?

त्यानंतर लेकीचे फोन तुटक झाले. नातू झाला. "ये म्हटलं तरी तू येणार नाहीस, माहीत आहे मला," असं ग्रोझ्दाना म्हणाली, आणि देसांका खरंच गेली नाही. लग्नाला कशीबशी गेली होती, पण आता तेवढे तास बसमध्ये काढणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. नातवाचा फोटो तिनं मागावर खोचून ठेवला. त्याच मागावर ग्रोझ्दानासाठी काढलेला गालिचा अर्धा पडला होता.

शेवटी कुणीतरी जवळच्या निश शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. तिथवर ती बसमध्ये उभ्यानं गेली, मी काखेत. "काकू, एवढ्या जागा रिकाम्या आहेत, बसा की," ड्रायव्हर आरशातून म्हणत होता. ती दांडा धरून उभीच.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटानं एका ठिकाणी दाबलं. देसांका किंचाळली.

"हेच ना तुमचं दुखणं?"

"हेच!"

"ही नस आहे."

देसांकाचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्हीही तेच म्हणताय. मी वेडी नाही हो, बाई."

"अहो, डोक्याचं नाही म्हणत मी. खरीखुरी नस. दोऱ्यासारखी. या इथून जाते आणि इथे आवळली गेलीय. बसलं की तिच्यावरच भार पडतो."

दोरा कुठं आवळला की काय होतं, हे देसांकाला कुणी शिकवायला नको होतं. ती भिंतीला टेकून हुंदके देऊन रडायला लागली. इतकी वर्षं कुणी तिच्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं नव्हतं. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "जाईल का हे?"

"कमी होईल," बाई म्हणाल्या. "जाईल असं मी वचन देत नाही." त्यांनी आतले स्नायू सैल करायचे व्यायाम शिकवले, गोळ्या लिहून दिल्या, एक इंजेक्शन दिलं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "या ढेरपोटीवर बसता तुम्ही? हिची मधली लोकर काढा. भार कडेनं आला पाहिजे, मधे नको."

घरी येऊन देसांकानं कात्री घेतली. कात्री कासवाच्या अंगावरच चालणार होती. तिनं त्याच्यावरून एकदा हात फिरवला आणि मग रडतरडतच कापलं. कासवाचं पोट गेलं, डोकं आणि तीन पाय भोकाभोवती राहिले. निघालेली लोकर स्तामेनानं गोळा केली. "चांगल्या मेंढीची आहे, टाकतेस काय!" म्हणून तिनं स्वतःसाठी एक लहानशी उशी शिवली.

खोटं कशाला सांगू, त्यानंतर थोडं बरं वाटलं. इंजेक्शनचा गुण काही आठवडे टिकला, मग ओसरला. व्यायाम ती नेमानं करायची. एखादी ओळ विणून व्हायची, कधी दोन. मग उठायची. गालिचा काही पुरा होईना, आणि लेकीला काही कळेना.

त्या वर्षी स्लावाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या दिवशी, स्तामेनानंच नातीला फोन केला. "मी मरायच्या आत येऊन जा. तुझी आई बोलावणार नाही, ती मुखदुर्बळ आहे." ग्रोझ्दाना एकटीच आली, गाल फुगवून.

स्लावाच्या दिवशी आमच्याकडे यजमानानं बसायचं नसतं. संतापुढे मेणबत्ती जळत असते तोवर पाहुण्यांना वाढत उभं राहायचं. घरात पुरुष नाही, म्हणून यजमानपण देसांकाकडे. वर्षातला हा एकच दिवस तिला कुणी बस म्हणत नाही. सकाळपासून माणसं येत होती. गोड गहू, कोबीच्या पानांतले खिम्याचे मुटके, दारूचे लहान पेले. "यजमानीण बघा कशी ताठ उभी!" म्हणून लोक कौतुक करत होते, आणि देसांकाच्या गालांवर रंग आला होता. मी चुलीमागच्या बाकावरून बघत होते. जे रोज लपवायचं त्याचाच त्या दिवशी मान होता.

पाहुणे गेले. देसांकानं मेणबत्ती वाईनच्या थेंबांनी विझवली. ग्रोझ्दानानं एक खुर्ची ओढली, अगदी सासऱ्यासारखीच.

"मेणबत्ती विझली, आई. आता बस. का माझ्यासमोरही बसवत नाही?"

देसांका उभीच. कोपऱ्यातून स्तामेना खेकसली, "अगं, आण की ती भोकाची! आणि सांग पोरीला एकदाचं. माझ्याच्यानं ते नाव घेववत नाही."

देसांका आली, मला उचललं, खुर्चीवर ठेवलं. ग्रोझ्दाना बघतच राहिली.

"हे काय? भोक पडलंय."

"पडलं नाही, पाडलंय. मला इथे..." ती थांबली. आणि मग तिनं त्या जागेचं नाव घेतलं, सरळ, आमच्या घरात पहिल्यांदाच. "तिथली एक नस आवळलीय. बसले की पेटते. तुझ्या लग्नातही पेटली होती."

"मग सांगायचंस ना गं!"

"कुणाला? तुझ्या सासूच्या देखत?"

ग्रोझ्दाना चुलीकडे वळली. तिनं कॉफी ठेवली, दोन पेले ओतले, आणि दोघी समोरासमोर बसल्या. देसांकाचा भार माझ्या कडांवर होता आणि मधे भोकात काहीच नव्हतं. मी जीव एकवटून कडा घट्ट धरल्या. देवा, एवढी कॉफी पुरी होऊ दे, म्हणाले.

पुरी झाली नाही. तळाशी थोडी उरली तेव्हा देसांका ओठ चावत उठली. लेक रडायला लागली आणि आई उभ्यानंच तिचं डोकं पोटाशी धरून राहिली.

पुढच्या वसंतात स्तामेना गेली. शवपेटीत तिच्या डोक्याखाली ती लहान उशी ठेवली, म्हणजे माझं पोट तिच्याबरोबर मातीत आहे. माग मोडून अडगळीत गेला. अर्धा गालिचा ग्रोझ्दाना घेऊन गेली, आणि म्हणाली, "अर्धाच छान आहे." ती नातवाला घेऊन येते अधूनमधून. दुखणं आहेच. काही दिवस कमी, काही दिवस असं की देसांका जेवतेही खिडकीशी उभी राहून.

तुमच्याकडे कुणी 'बस' म्हटल्यावर बसलं नाही, तर लगेच मानापमान काढू नका. एकदा हळूच, बाजूला घेऊन विचारा. कदाचित त्यांनाही सांगायचं असेल.

मी आता खिडकीजवळच्या खुर्चीवर असते, माग होता तिथंच. विटले आहे, कासवाचे पायही झिजलेत. रविवारी फोन येतो. देसांका तो उचलते, आवाज मोठा करून माझ्या कडेवर ठेवते आणि खिडकीच्या चौकटीला धरते. लेकीचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आई, बसलीयस का उभी?"

"उभीच गं."

"थांब हं."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो.

"हं, बोल. मीपण उभी राहिले."

मग दोघी उभ्याउभ्या बोलत राहतात, आणि मी रिकामी पडून ऐकते.