भिंतीच्या आतली त्रेना

दर जुलैत ती बस आली की मी खिडकी धाडकन लावून घ्यायचे. ल्युब्लियानाहून निघायची, वाटेतली जुनी स्मारकं, बंद कारखाने, धूळ खात पडलेली संग्रहालयं बघत बघत आमच्या श्टिपला पोचायची. कलेची फिरती उन्हाळी शाळा म्हणे! पंधरा-वीस पोरंपोरी, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, आणि पुढे स्कोपियेचे प्राध्यापक वांगेल, हात वर करून आमच्या बिल्डिंगची भिंत दाखवणारे. भर उन्हात तासभर बोलायचे. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा, माणूस कधी यायचा नाही.

भिंतीवर मोझेक आहे, रंगीत फरशीच्या तुकड्यांचं चित्र. आमच्या सूतगिरणीच्या बायका, चार मजले उंच. गिरणी केव्हाच बंद पडली, बायका अजून कामावर. डावीकडून तिसरी, निळ्या रुमालाची, ती माझी थोरली बहीण त्रेना. चित्रकारानं तिलाच का निवडलं? बाकीच्या खिदळत होत्या आणि ही सांगितलं तशी गप बसून राहिली, म्हणून. पण तोरा असा, की जणू सौंदर्यस्पर्धाच जिंकली!

आता खरी गंमत ऐका. बाहेर जिथे चित्रातल्या त्रेनाचा खांदा येतो, त्याच्या बरोबर आत माझ्या त्रेनाचा पलंग आहे. उत्तरेची भिंत, नुसतं सिमेंट. हिवाळ्यात तिला पाझर फुटतो, बुरशी चढते, उशी ओली होते. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं त्रेनाच्या छातीचं आधीच वाटोळं केलेलं. खोकला असा, की वाटावं आता श्वास परत येतोय की नाही. स्वयंपाकघरात माझाच बिछाना कसाबसा मावतो, आणि चुलीच्या धुरानं तिला जास्तच धाप लागते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "खोली कोरडी करा. असे आणखी दोन हिवाळे त्या काढायच्या नाहीत."

म्हणून सोसायटीनं ठरवलं, भिंतीला बाहेरून थर्माकोल चिकटवायचा आणि वरून गिलावा मारायचा. मी दोन्ही हात वर करून होकार दिला.

नेमके त्याच जुलैत वांगेल खाली उभे राहून गयावया करायला लागले. "ब्लागुनाबाई, ही भिंत झाकू नका! हा आपल्या समाजवादी काळाचा वारसा आहे!"

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. खिडकी उघडली आणि वरूनच सुरू झाले. "वारसा? मला वारशात बुरशी मिळाली, प्राध्यापक! तुम्हाला बाहेरची त्रेना पाहिजे, मला आतली पाहिजे. उन्हाळ्यात काय, सगळ्याच भिंती छान! जानेवारीत या. माझ्या बहिणीच्या खोलीत झोपा. मग शिकवा वारसा!"

पोरांनी माना खाली घातल्या. एक किडकिडीत मुलगी, केस मुलासारखे कापलेले, तेवढी वर बघून ओरडली, "येते, मावशी!"

"येशील, येशील! बोलाचीच कढी!" मी म्हटलं आणि खिडकी लावून घेतली. थर्माकोलवाल्याला वसंत ऋतूपर्यंत सवड नव्हती, त्यामुळे तो हिवाळा आम्हाला तसाच काढायचा होता.

जानेवारीत नदीच्या काठाला बर्फ धरलं होतं तेव्हा दारावर टकटक झाली. बघते तर तीच मुलगी. पाठीवर पिशवी, हातात संत्र्यांची जाळी.

"मी इलिना. जानेवारी आला, मावशी."

"बूट काढ," मी म्हटलं, आणि पाहुण्याला देतात तसा पांढऱ्या चेरीच्या मुरंब्याचा चमचा आणि पाण्याचा पेला तिच्या पुढे केला.

तिची गादी त्रेनाच्या पलंगाशेजारी, भिंतीला लागून घातली. वाटलं, एक रात्र काढेल, फोटो काढेल, पळेल. कसली पळते! आठवडाभर राहिली. त्रेनाला काय, गिरणीच्या गोष्टी ऐकायला नवा कान मिळाला. तिच्या त्या नखरेल चित्रकाराची गोष्ट मी ऐकून ऐकून विटलेय, या पोरीनं ती तीनदा ऐकली. खोकल्याची उबळ आली की इलिना उठून तिला टेकवून बसवायची, पाठ चोळायची. हे मला पोरीनं नाही सांगितलं, त्रेनानं सांगितलं. सकाळी फडकं घेऊन भिंत पुसायची, पिळायची, परत पुसायची. निघाली तेव्हा स्वतःच खोकत होती.

फेब्रुवारीत, थर्माकोलचं काम सुरू होण्याआधीची सोसायटीची शेवटची मीटिंग होती, खालच्या जिन्यापाशी. वांगेल आले होते, इलिनाही. वांगेल जीव तोडून बोलले. त्यांचंही खोटं नव्हतं, त्या चित्रावर त्यांचं जेवढं प्रेम, तेवढं माणसांवर करतानाही मी कुणाला पाहिलं नाही. मग त्यांनी इलिनाला पुढे केलं, आपली बाजू मांडायला.

"झाका," इलिना म्हणाली. "सर, मला माफ करा. मी त्या खोलीत राहून आलेय. झाका ती भिंत."

वांगेल यांचं तोंड एवढंसं झालं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. या पोरीचं काही जळत नव्हतं, तरी तिला कळलं होतं.

"मला कुणी विचारणार आहात की नाही?" शालीत गुंडाळलेली त्रेना खुर्चीतून म्हणाली. "जिवंतपणी मला थर्माकोलमध्ये घालताय होय गं? निदान मरू तरी द्या!"

सगळे हसले, तीही हसली आणि त्या हसण्यानंच तिला उबळ आली. थांबेच ना. लोकांचं हसू विरलं, कुणी पाणी आणलं, कुणी दार उघडलं. वांगेल उठले, त्यांनी तिला दंडाला धरून उभं केलं आणि एकेक पायरी करत वर आणलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात पाऊल टाकलं त्यांनी. तिला पलंगावर बसवलं, भिंतीवर तळवा टेकवला. ओला हात बराच वेळ बघत उभे राहिले.

"इलिना, हे आतून करता येईल?" त्यांनी विचारलं. "बाहेरचं चित्र तसंच ठेवून?"

ती बांधकाम शिकणारी. "येईल. आतून भिंत कोरडी ठेवणाऱ्या फळ्या लावायच्या. प्रत्येक खोली वीतभर लहान होईल. चार मजले, सर. हात खूप लागतील."

"हात आहेत की," वांगेल म्हणाले. "दर जुलैत बसभर असतात."

थर्माकोल रद्द झाला. त्या उन्हाळ्यात बस आली आणि आमच्याच अंगणात मुक्काम ठोकून राहिली. फिरतीचा सगळा पैसा फळ्यांत गेला. पोरं प्रत्येक मजल्यावर वाटून झोपली. आमचा मोबाच झाला म्हणा ना, आमच्याकडे शेजारपाजार एकमेकांच्या कामाला फुकट जातो आणि घरधनी पोटभर जेवू घालतो, तसा. मी मांसाच्या लांबट रोट्या भाजल्या, मिरच्या भाजल्या, आणि सगळ्यांना शिव्या घातल्या. वांगेल यांच्या दाढीत चुना. "प्राध्यापक, गिलावा आहे तो, भाषण नव्हे! पातळ लावा!" ते हसत होते. आभार मानायचे होते मला, पण तोंडातून ओरडण्याशिवाय दुसरं काही निघेना. बस हलली तेव्हा मी नुसतीच हात हलवत राहिले.

मग डिसेंबर आला. पहिला कडाक्याचा गारठा पडला, खिडकीवर बर्फाची नक्षी. पहाटे जाग आली. घरात आवाजच नाही. किती हिवाळे त्या खोकल्यानं मला उठवलंय, आणि आज काहीच नाही. अनवाणी धावले. त्रेना भिंतीकडे तोंड करून पडलेली, हलेना. नाकापुढे हात धरला.

"मेले नाहीये," ती डोळे न उघडता म्हणाली. "झोपू दे की गं!"

मी तिथेच खाली बसले, पाठ भिंतीला टेकली. कोरडी होती. रडू आवरेना, तशीच इलिनाला फोन लावला.

"काय झालं, मावशी? त्रेनामावशी बऱ्या आहेत ना?"

मी फोन पलंगाजवळ धरला. "काही ऐकू येतंय तुला?"

"नाही." पोरगी घाबरली. "काहीच नाही!"

"मलाही नाही," मी म्हटलं. "पोरी, तुझं कल्याण होवो."