चाळिसाव्याला मिळालेली मतं

मित्रांनो, मी एक जुनं उत्तर आहे. छत्री बोलते, घड्याळ बोलतं, झाड बोलतं, हे तुम्ही वाचलं असेल. उत्तर बोलताना कदाचित ऐकलं नसेल. पण मलाही जन्म आहे, मीही कामं केली आहेत आणि एकदा मी मिटून जाता जाता वाचलो आहे.

'पुसा-सांगा' नावाच्या संकेतस्थळावर माझं घर आहे. तिथे कुणीही प्रश्न विचारतं आणि ज्याला येतं तो उत्तर देतो. उत्तर उपयोगी पडलं तर वाचणारा त्याला मत देतो. एका मताचे दहा गुण उत्तर लिहिणाऱ्याच्या नावावर जमा होतात. हजार गुण झाले की नावापुढे 'जाणकार' असा बिल्ला लागतो. आणि हे सगळं नीट चालावं म्हणून काही माणसं फुकट राखण करतात. त्यांना तिथे राखणदार म्हणतात.

चार वर्षांपूर्वी धनजच्या रंजीताने तिथे विचारलं, "शिलाई मशीनवर टाके घालताना कापडाखाली दोऱ्याचा गुंता होते. काय करू?"

धनजच्याच जिल्ह्यातल्या छोट्या मालेगावला अन्सारभाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची बायको हुस्नाबानो दुकानातच शिवणकाम करायची. तिने तो प्रश्न वाचला आणि मला लिहिलं. पण खरं सांगतो, माझं पहिलं रूप काही चांगलं नव्हतं. तिने एवढंच लिहिलं होतं, "मशीन घेऊन आमच्या दुकानात या. बसस्टँडच्या मागे."

तासाभरात आसेगावच्या शालिग्राम नावाच्या राखणदाराने उत्तरांच्या यादीत मला खाली पाडलं. शेरा लिहिला, "हे उत्तर नाही, जाहिरात आहे."

हुस्नाबानो चिडली. "आपल्याच जिल्ह्यातला माणूस अन् आपल्यालेच पाडते!"

अन्सारभाई हसले. "बराबर पाडलं त्यानं. तू उत्तर कुठं देलं? तू तं दुकानाची पाटी लावली."

 तिसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा लिहायला घेतलं. दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचलून ठेवा, नाहीतर वरचा दोरा ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही आणि खाली गुंता होतो. फिरकीच्या, म्हणजे बॉबिनच्या, डबीतला कचरा ब्रशने काढा. पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं धरून ठेवा. प्रत्येक गोष्ट तिने आधी मशीनवर करून पाहिली, मगच लिहिली.

रंजीताने खाली लिहिलं, "ताई, पाय उचलला अन् गुंता गायब. माह्या सासूनं मशीन भंगारात द्यायले काढली होती."

ते माझं पहिलं मत. मग कुठकुठून मतं येत गेली. हुस्नाबानोने आणखी उत्तरं लिहिली, पण सगळ्यात जास्त वाचला गेलो तो मीच. तिच्या नावावर आठशे साठ गुण झाले. "चौदाच मतं राह्यली," ती अन्सारभाईंना सांगायची. "मंग मी जाणकार."

"घरात कायची जाणकार नाहीस तू?" ते म्हणायचे.

पुढे तिला बरं वाटेनासं झालं. माझ्याखाली लोक शंका विचारत राहिले आणि त्यांना कुणी उत्तर देईना. मी तसाच पडून राहिलो. गेल्या हिवाळ्यात हुस्नाबानो दवाखान्यात गेली ती परत आली नाही.

त्यानंतर अन्सारभाई रोज सकाळी दुकान उघडलं की आधी मला उघडायचे आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचे. ज्या माणसाने तीस वर्षं मशिनी दुरुस्त केल्या त्याला माझ्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. तरी ते वाचायचे.

तिच्या चाळिसाव्याला, म्हणजे ती गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, दुकानामागच्या अंगणात माणसं जमली. तिच्यासाठी फातेहाची प्रार्थना झाली, जेवणं झाली. लोक तिच्याबद्दल बोलत होते तेव्हा अन्सारभाईंच्या मनात आलं आणि ते बोलून गेले, "तिची एक गोष्ट राहून गेली. चौदा मतं पाह्यजे होती."

शेजारचे किसनसिंग म्हणाले, "चौदाच? अरे, ग्रामपंचायतीले आपण एका गल्लीतून शंभर काढतो!"

झालं. मेलेल्या माणसासाठी काही करता येतं आहे म्हटल्यावर कोण मागे राहील? दुकानाचंच इंटरनेट सगळ्यांनी घेतलं. नवी खाती उघडली आणि एकामागून एक मला मत दिलं. म्हाताऱ्या हिरीबाईने तर बोट लावण्याआधी हात धुऊन घेतले. एकतीस मतं पडली. हुस्नाबानोच्या नावापुढे बिल्ला लागला. अन्सारभाईंनी तो सगळ्यांना दाखवला. कुणाच्याही मनात खोट नव्हती, मित्रांनो. पण त्यातल्या बहुतेकांनी मला वाचलंसुद्धा नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी दिसेनासा झालो. एका जागेवरून, एका तासात, एकाच उत्तराला एकतीस मतं, ही लबाडी संकेतस्थळाच्या यंत्रणेने पकडली होती. बिल्ला गेला, खातं बंद झालं आणि तिची सगळी उत्तरं झाकली गेली. सूचना आली की खातेदाराने सात दिवसांत खुलासा करावा, नाहीतर खातं सगळ्या उत्तरांसकट काढून टाकलं जाईल.

खुलासा कोण करणार? खातेदार तर कब्रस्तानात होती.

त्या सकाळी अन्सारभाईंनी मला उघडलं तर पान कोरं. त्यांनी फोन बंद करून पुन्हा लावला. तरी कोरंच. मग ती सूचना वाचली आणि स्टुलावर बसून राहिले.

किसनसिंग आले. त्यांनाही वाईट वाटलं होतं. "तिच्याच नावानं लिहून दे ना. 'मी हुस्नाबानो, मले काही माहीत नाही.' कोणाले कळते?"

"ती असती तं असं लिहिलं असतं काय?"

"पण ती नाही ना, भाऊ."

"म्हणूनच," अन्सारभाई म्हणाले. "आता तिच्या नावानं खोटं बोललो तं ते मिटवाले ती येनार नाही."

चार दिवस गेले. अन्सारभाईंना मशिनीचा कुठलाही भाग खोलता येत होता, पण लिहायचं कसं ते सुचत नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावाने खातं उघडलं आणि राखणदारांना लिहिलं, "हुस्नाबानो माझी बायको होती. ती वारली. चाळिसाव्याला मतं मी टाकायला लावली. लोकांनी माझ्या शब्दावर टाकली. चूक माझी आहे. मतं काढून घ्या. माझं नाव बंद करा. तिचं लिहिलेलं मिटवू नका. ते तिने करून पाहून लिहिलं आहे." खाली फोन नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"अन्सारभाई काय? मी आसेगावहून शालिग्राम बोलून राह्यलो."

"पैल्या दिवशी आमच्या बाईचं उत्तर तुमीच पाडलं होतं ना?"

"हो. जाहिरात होती."

"होती," अन्सारभाईंनी कबूल केलं.

 शालिग्राम म्हणाले, "तुमचे एकतीस लोक सांगा बरं, त्यातल्या कितींनी जिंदगीत मशीनले हात लावला?"

"दोघा-तिघांनी. बाकीच्याईनं बिर्याणीले लावला."

दोघेही हसले. हुस्नाबानो गेल्यापासून अन्सारभाईंना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग हसता हसताच त्यांनी डोळे पुसले.

शालिग्राम म्हणाले, "आमी चौघा राखणदारांनी बसून ठरवलं. ते एकतीस मतं जातीन. बिल्ला बी जाईन. तो काही देता येत नाही, माफ करा. पण लबाडी तिची नव्हती, म्हणून तिचे आठशे साठ तिचेच राहतीन, अन् उत्तरं बी राहतीन. तुमचं नाव बी बंद करत नाही. खात्यावर लिहू का, की लिहिणारी आता नाही?"

"लिहा," अन्सारभाई म्हणाले. "बिल्ल्याचं जाऊ द्या."

संध्याकाळी मी पुन्हा दिसू लागलो. अन्सारभाईंनी मला पहिल्या ओळीपासून वाचलं. एकही शब्द गेलेला नव्हता. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि किसनसिंगांना हाक मारली, "चहा सांग रे बावा दोन! वाचली बाई आपली." मग माझ्याखाली पडून राहिलेल्या लोकांच्या शंका त्यांनी एकेक वाचायला घेतल्या आणि आपल्या नावाने उत्तरं लिहायला सुरुवात केली. त्यांच्या नावावर तेव्हा एकही गुण नव्हता.

मित्रांनो, आम्ही उत्तरं स्वतःहून काही करू शकत नाही. कुणी वाचलं तरच आम्ही आहोत. म्हणून आम्हाला आधी वाचा, करून पाहा, आणि उपयोग झाला तरच मत द्या. लिहिणाऱ्यावर माया असेल म्हणून देऊ नका. आमच्यात काही चुकत असेल तर खाली तसं लिहा, आम्हाला राग येत नाही. नियम पाळणारा माणूस कठोर वाटला तरी त्याला खरं सांगून पाहा. आणि हातून चूक झालीच, तर ती आपल्या नावाने सांगा. गेलेल्या माणसाच्या नावामागे लपू नका.

माझ्यावर आज जेवढी मतं आहेत, तेवढ्या माणसांचं काम खरंच झालं आहे. अन्सारभाईंना आता तेवढी पुरतात.