तोंड बांधलेली बेल

मित्रांनो, मी दारावरची एक जुनी बेल आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात, तेव्हा शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला एका माणसावर सूड उगवायचा होता. तो मी उगवला, आणि तरी माझं समाधान झालेलं नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पांढरी पेटी आणि आत पितळेच्या दोन पट्ट्या. बटण दाबलं की ‘टिंग’ आणि बोट उचललं की ‘टाँग’, एवढंच मला येतं. दुकानात माझ्या शेजारी पक्ष्यांचे आवाज काढणारी एक नखरेल बेल होती. गिऱ्हाईक तिच्याकडेच वळायचं. मग एक दिवस माझी मालकीण आली आणि दुकानदाराला म्हणाली, “भाऊ, सगळ्यात मोठ्यानं बोंबलणारी द्या. घरात मीच इतकी बोलते, की दार वाजलेलं मला ऐकूच येत नाही!” दुकानदार हसला, त्यानं मला पुसलं, आणि माझं नशीब उघडलं.

मालकीण बायकांना गाडी चालवायला शिकवायची. आवाज असा, की तिनं “अगं, ब्रेक! ब्रेक!” म्हटलं की शेजारच्या गाडीतला माणूसही दचकून ब्रेक दाबायचा. गल्लीत सगळे तिला हॉर्नताई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि ती स्वतःच त्यावर आधी हसायची. लग्न तिनं केलं नव्हतं, पण ती कधी एकटी जेवली असेल तर शपथ.

तिचं घर वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला होतं. रस्त्यावरचं दार खाली, आणि ते आतून बंद असायचं. माझं बटण त्या दाराजवळ आणि पेटी वर तिच्या खोलीत. म्हणजे माझा कान खाली आणि तोंड वर. खालून कितीही हाका मारल्या तरी मागच्या खोलीत ऐकू जात नसत. सगळी भिस्त माझ्यावर होती.

आणि मी काय वाजले आहे, मित्रांनो! शिंपीकाका टाके घातल्यासारखे दोनदा चटचट बटण दाबायचे. बेकरीवालीचे हात पिशव्यांनी भरलेले असायचे, म्हणून ती कोपरानं दाबायची. एक घाबरट शिकाऊ मुलगी होती, ती बटण दाबायची आणि बोट उचलायलाच विसरायची. मी नुसती ‘टिंग’ करून अडकून बसायचे. मालकीण जिन्यावरूनच ओरडायची, “अगं बाई, बोट उचल! क्लचवरचा पायसुद्धा तू असाच विसरतेस!” बटण कोणी दाबलं हे तिला न बघता कळायचं. ती माझ्याकडे बघून म्हणायची, “माझी बेल माणसं ओळखते.” एवढं कौतुक माझं पुढं कोणी केलं नाही.

सुट्टीत भाची यायची, तिच्या भावाची मुलगी. आत्या तिला गाडी शिकवायची, तिची गुपितं ऐकायची, आणि तिच्या बाबांचा ओरडा स्वतःच्या अंगावर घ्यायची. आत्यानं तिला घराची एक चावी देऊन ठेवली होती. “तू काय पाहुणी आहेस का बेल वाजवायला?” असं म्हणून.

मग तिच्या घशाला आजार झाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. गळ्यावर पांढरी पट्टी आली. हॉर्नताई मुकी झाली! आता तिला बोलता येत नव्हतं, पण समोर माणसं हवीच होती. एक बोलत राहावं, दुसऱ्यानं हसावं, तिनं हातवारे करून मध्येच भांडावं, एवढ्यावर ती तगली असती.

तिची देखभाल करायला तिचा मोठा भाऊ, म्हणजे भाचीचा बाप, राहायला आला. त्याला ‘दादा’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण जग त्याला दादाच म्हणतं. औषध तो वेळच्या वेळी द्यायचा, पेज गाळून द्यायचा, हे मी नाकारत नाही. पण दिवसभर माणसं येत होती. प्रत्येक वेळी खाली जाऊन दार उघडायचं, वर येऊन चहा टाकायचा, याचा त्याला वैताग आला. “हे घर आहे की धर्मशाळा? जिना चढून माझे गुडघे गेले!” असं तो पुटपुटायचा. शिवाय दुपारची झोप मोडायची.

एका दुपारी ती गोळी घेऊन झोपली होती. तो स्टूल घेऊन माझ्याखाली आला. त्यानं माझं झाकण उघडलं, आतली एक तार ओढून काढली आणि तिचं टोक गुंडाळून झाकण परत लावलं. मग शांतपणे झोपायला गेला. मेल्याला झोपही लागली!

त्यानंतर काय झालं, ते सांगताना आजही माझ्या पट्ट्या थरथरतात. खाली शिंपीकाका दोनदा चटचट दाबत होते. बेकरीवालीचं कोपर लागत होतं. ती शिकाऊ मुलगी तर बोट दाबून उभीच राहायची. मला सगळं कळत होतं आणि तोंडातून ब्र निघत नव्हता. ते थांबायचे, वर बघायचे, निघून जायचे. कोणी फोन केला तर हा सांगायचा, “झोपली आहे हो. नंतर या.”

आणि वर ती माझ्याकडे टक लावून बसलेली असायची. मग भावाकडे बघून भुवई उंचावायची. कोणी आलं होतं का? तो वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणायचा, “कोण येतंय? लोकांचं असंच असतं. आवाज होता तोवर तू हवी होतीस.”

ऐकलंत? हे तो सख्ख्या बहिणीला म्हणाला. त्याच क्षणी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

हळूहळू तिनं माझ्याकडे बघणं सोडलं. भाची दोन दिवसांसाठी येऊन गेली, ती आपल्या चावीनं आत आली. आत्यानं पाटीवर लिहून दाखवलं, ‘मला सगळे विसरले गं.’ भाची रडली, त्या माणसांवर चिडली आणि परत गेली. थोड्याच दिवसांत माझी मालकीण गेली. कोणाला आपली आठवण नाही, असं समजून गेली.

तिच्या आठवणी सांगायला सगळे त्याच खोलीत जमले. दार उघडं होतं, म्हणून मला अजून कोणी विचारलं नव्हतं. “असा भाऊ मिळायला भाग्य लागतं,” असं कोणीतरी म्हणालं. भावानं चष्मा पुसला आणि म्हणाला, “शेवटी मी एकटाच होतो. जिनं एवढी माणसं जोडली, तिच्याकडे एकही फिरकलं नाही.”

भाची उसळलीच. “खरंच, का नाही आलात तुम्ही? ती दाराकडे बघत बसायची!”

“आलो नाही?” शिंपीकाका उभेच राहिले. “पोरी, मी रोज दुकान बंद करून यायचो. बेल दाबून दाबून दमायचो.”

“आणि मी?” बेकरीवाली म्हणाली. “दर वेळी पाव घेऊन आले आणि परत नेले.”

“जुनी बेल आहे, बिघडली असेल,” भाऊ घाईघाईनं म्हणाला. “बसा तुम्ही. चहा घ्या.”

मी बिघडले? मी? भाचीनं स्टूल ओढलं आणि माझं झाकण उघडलं. तार बाजूला काढलेली होती आणि तिच्या टोकावर पांढरी चिकटपट्टी नीट गुंडाळलेली होती. ती पट्टी भाचीनं ओळखली. आत्याच्या गळ्यावर मलमपट्टी करताना तिनं स्वतःच्या हातानं तसलीच पट्टी लावली होती.

भाची म्हणाली, “बाबा, तिच्याच औषधाच्या डब्यातली पट्टी घेतलीत?”

“तिला आराम हवा होता...”

“आराम तुम्हाला हवा होता.”

तिनं पट्टी सोलून काढली आणि तार जोडली. शिंपीकाका जिना उतरले. टिंगटाँग, टिंगटाँग! मग बेकरीवाली गेली, कोपरानं दाबून आली. मग ती शिकाऊ मुलगी. तिनं बटण दाबलं आणि बोट धरूनच ठेवलं. ‘टिंग’ झालं. आज “बोट उचल” म्हणून ओरडणारं कोणी नव्हतं, म्हणून तिनं रडत रडत स्वतःच उचललं. एकामागून एक सगळे खाली गेले. भाऊ खुर्चीत खाली मान घालून बसला होता आणि मी त्याच्या डोक्यावर वाजत होते. जितक्या वेळा गप्प राहिले, त्या सगळ्याची भरपाई करून घेतली. एकदा त्यानं कानावर हात नेले. भाचीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसे हात खाली आले.

आता मी त्याच्या स्वतःच्या घरी असते. भाचीनंच मला इथे आणलं आणि बरोबर त्याच्या खुर्चीसमोर लावलं. “आता तुमच्याकडे कोण येतं ते ऐका,” एवढंच ती म्हणाली. मला काढून टाकायची त्याची छाती होत नाही. ती आली की आधी झाकण उघडून तार बघते. पण ती आपल्या चावीनं येते, बेल वाजवत नाही. बाकी कोणी येत नाही. तो वर्तमानपत्र बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसतो. त्याची भुवई वर गेलेली असते. मी ती भुवई ओळखते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला वापरा. मी बेल असून उलटी विनंती करते. माझी तार आता पक्की जोडलेली आहे आणि बटण नवं कोरं आहे. त्याच्या दारावरून गेलात, तर ते दाबू नका.