पार्किंगमधली बहीण

नवशी दोन्ही हात पसरून पार्किंगच्या मधोमध उभी राहिली आणि जीव खाऊन शिट्टी वाजवू लागली. धबधबा पाहायला आलेल्या गाड्या तिने सकाळपासून ओळीत लावून घेतल्या होत्या. त्या ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत तिचा धाकटा भाऊ रूपेश मोटरसायकलचं पुढचं चाक उचलून गरागरा फिरत होता. मुंबईची पोरं मोबाइल धरून त्याला आणखी चढवत होती. हा गडी आधीच हरभऱ्याच्या झाडावर, शिट्टीला कसली भीक घालतोय!

एवढ्यात एका गाडीचं दार उघडून चिमुरडी पोर धावत बाहेर आली. रूपेशने करकचून ब्रेक दाबला. मोटरसायकल आडवी होऊन खडीवरून घसरली ती थेट पोरीच्या पायाशी थांबली. कुणाला फारसं लागलं नाही, नशीबच म्हणायचं. रूपेश उठला, पँट झटकली आणि चक्क हसला.

आता पुरे, घरी जा, असं तिने बजावलं. तर हा शहाणा तिलाच कायदा शिकवू लागला. हा काय रस्ता आहे? साधं मैदान तर आहे, इथे कुणाचा नियम चालतो? आणि पुन्हा किक मारली.

नवशी चहाच्या टपरीमागे गेली आणि पोलिसांना फोन लावला. गाडीचा नंबर सांगून झाला, पण चालवणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा तिने टपरीआडून रूपेशकडे पाहिलं. आई गेली तेव्हा हा तिच्या कडेवर होता. तिने भरवलेल्या नाचणीच्या पेजेवर वाढलेला. शेवटी डोळे मिटून तिने नाव सांगितलं.

रूपेशने हवालदारांनाही मैदानाचं पुराण ऐकवलं. जिथे लोकांची ये-जा आहे तिथे बेदरकार गाडी हाकणं गुन्हाच, मग रस्ता असो की पार्किंग, असं त्यांनी शांतपणे समजावलं आणि गाडी ठाण्यात नेली. पुढे परवानाही काही महिन्यांसाठी गेला.

फोन कुणी केला हे पाड्यात कळायला कितीसा वेळ लागतोय! शेजारची पोशी तर तोंडावरच म्हणाली, सख्ख्या भावाला पोलिसांत देणारी बहीण कुठे पाहिली नव्हती. नवशीने ऐकून घेतलं. रूपेशचा फोन यायचा बंद झाला आणि आपण होऊन करायचा तिला धीर होईना.

भात कापून खळ्यावर आलं. नवशीचा नवरा, लहान्या, ठाणे शहरात बांधकामावर असायचा, म्हणून झोडणीला दरवर्षी रूपेशच यायचा. यंदा पोशीने मजूर बघून देते म्हटलं, तर नवशी आज नको, उद्या बघू म्हणत राहिली. मजूर मिळाला असता, पण तिला भाऊ हवा होता. तो आता कायमचा तुटला, या विचाराने तिला घास जात नव्हता.

एका दुपारी माहेरच्या गावाकडचा, साखरशेतच्या बाजूचा डोंगर उतरून रूपेश आला. गुडघ्यापर्यंत धूळ, चपला हातात.

"चालत आलास?"

"मग कसा येनार?"

तो घटाघटा पाणी प्यायला आणि पेंढी उचलून झोडू लागला. नवशीही शेजारी उभी राहून झोडू लागली. शेवटी तिला राहवेना.

"रूप्या, फोन मीच केला होता."

"माहीत हाय."

"राग नाय आला?"

"लय आला." त्याने पेंढी उलटी करून पुन्हा आपटली. "मग घरी एकटा बसून इचार केला, बाय. माज्यासाटी फोन करनारं दुसरं हाय कोन?"

नवशीचे हात थांबले. रूपेशने तिच्या हातातली पेंढी काढून घेतली आणि तू जरा सावलीत बस म्हणाला.