बिनमिरचीचा रस्सा

सोजरबाईनं अकरा वर्षं मिशनच्या दवाखान्यात सिस्टर ब्रिजिटचा स्वयंपाक केला. सिस्टर आयर्लंडच्या. त्यांना मिरची सोसत नसे, म्हणून त्यांनी स्वतः चुलीपाशी बसून तिला आपल्या आईचा रस्सा शिकवला. हाडासकट मटण, कांदा, गाजर, बटाटे, मीठ, काळी मिरी. फोडणी नाही, हळद नाही. अर्धे बटाटे आधी घालायचे, ते विरघळून रस्सा दाट होतो, अर्धे मागाहून. पुढं सिस्टर मायदेशी गेल्या, दवाखाना बंद पडला आणि सोजरबाई गुडीहत्नूरच्या आपल्या दोन खोल्यांत परतली. असला फिका रस्सा घरात खाणारं कोणी नव्हतं.

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात तिनं तो पुन्हा केला, लेकीसाठी.

पंचफुलाचा नवरा चंपत भीमपूरकडच्या एका खेड्यात मास्तर होता. वस्तीत त्याला मान होता, जयंतीला भाषण त्याचंच. एकदा घरी जेवायला आलेल्या पाहुण्यानं तिच्या शिक्षणाचं विचारलं, तर पंचफुला बोलून गेली की दहावीला तिला मास्तरांपेक्षा जास्त मार्क होते. पाहुणे हसले. चंपतही हसला. पाहुण्यांना फाट्यावर सोडून तो परत आला, चुलीजवळची लोखंडी फुंकणी उचलली आणि तिच्या तोंडावर घातली. जबडा दोन ठिकाणी मोडला, एक दात पडला. आदिलाबादच्या डॉक्टरनं वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले आणि सहा आठवडे तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. तिथून सोजरबाईनं लेकीला आपल्या घरी आणलं.

गाल आतून फाटला होता. तिखटाचा थेंब लागला तरी ती भिंत धरायची. वरणाच्या पाण्यावर दहा दिवसांत ती वाळून गेली. मग सोजरबाईनं बाजारातून मटण आणलं, काळी मिरीही न घालता मंद जाळावर तीन तास शिजवलं, हाडं काढून सगळं रवीनं घोटलं, फडक्यातून गाळलं आणि पडलेल्या दाताच्या फटीतून चमच्या-चमच्यानं लेकीच्या पोटात घातलं. त्या दिवशी पंचफुला संध्याकाळपर्यंत शांत झोपली.

तेव्हापासून दर दोन-तीन दिवसांनी तो रस्सा चुलीवर असायचा. असाच शिजत असताना, एका दुपारी चंपत आला. सोबत वस्तीतले वडीलधारे बाबाराव होते. मास्तर माणूस आहे, रागाच्या भरात एखादा हात उठतो, पोरीला पाठवून द्या, असं सांगायला ते आले होते. ते बाहेर बाजेवर बसले. चंपत सरळ आत गेला.

त्यानं पंचफुलाला चल म्हटलं. तिनं मान हलवली. त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि दुसऱ्या हातानं तिचा जबडा धरून अंगठा नेमका मोडलेल्या जागी दाबला.

"येतो म्हन. मान नोको हलवू. तोंडानं म्हन."

बांधलेल्या दातांमागून तिच्या घशातून एक आवाज आला. तारेवर रक्त आलं. सोजरबाईनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. वेणी सुटली. चंपत वळला. त्यानं पातेल्याला लाथ मारली, उकळता रस्सा सोजरबाईच्या दोन्ही पायांवर सांडला. ती खाली बसायच्या आत त्यानं तिचा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा.

पंचफुलानं पाट्यावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या उजव्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचं बाहेरही ऐकू गेलं. तो खाली पडला, कळवळला, तिला आईवरून शिव्या दिल्या. तिनं पुन्हा वरवंटा उचलला आणि त्याच कोपरावर घातला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा सोजरबाईनं तिचे पाय धरले.

"बस, माय. आता मरन तो."

पंचफुला थांबली. दारात बाबाराव उभे होते.

ठाण्यात चंपतनं सांगितलं की मायलेकींनी मिळून त्याला जीवे मारायचा बेत केला होता. हवालदाराला ते पटत चाललं होतं, कारण मास्तर नीट बोलत होता आणि पंचफुलाला बोलताच येत नव्हतं. मग त्यानं बाबारावांना विचारलं.

"त्या पोरीचा आवाज मले आयकू आला," ते म्हणाले. "मी बाजेवरून उठलो नाही. पयले हे लिहा, मंग बाकीचं सांगतो."

त्यांच्या जबानीनं मायलेकी सुटल्या. चंपतचा हात आखडला तो आखडलाच. तो डाव्या हातानं फळ्यावर लिहायला शिकला. सोडचिठ्ठीला चार वर्षं लागली. तोवर पंचफुलाला अंगणवाडीत काम मिळालं होतं. जबडा जुळला, पण वाकडा.

बाया तिला धीराची म्हणत. तिनं फक्त आईला सांगितलं की मारल्याचं तिला वाईट वाटत नाही; पण दुसऱ्यांदा मारताना बरं वाटलं होतं, आणि अंगणवाडीतलं एखादं लेकरू हट्टाला पेटलं की आधी ती आपले दोन्ही हात पाठीमागं धरते.