पाठीखालचे गुलाबी कागद

पुस्तकाची पाठ सुरीने सोलत होते, तर वाळलेल्या खळीखालून गुलाबी कागद निघाला. एक पट्टी, तिच्या बाजूला दुसरी. ओल्या फडक्याने भिजवून, हलक्या हाताने सोडवून मी त्या पाटीवर मांडल्या. नऊ निघाल्या. बारीक इंग्रजी छपाई आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक आकडा. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. त्याशिवाय बाइंडिंग करणार कशी?

आमच्या गावच्या इतवारा बाजारातलं हे बाइंडिंगचं दुकान आमच्या ह्यांनी घातलं. हे जाऊन तीन वर्षं झाली, आता मीच चालवते. पुस्तक माझ्या धाकट्या भावाचं, श्रावणचं. विमान चालवायचं लायसन मिळवायला परीक्षा द्यावी लागते, तिच्या अभ्यासाचं.

सत्तावन्न साली नागपूरच्या एका फ्लाइंग क्लबात फी माफ असलेली एक जागा निघाली. श्रावणचं गणित पक्कं, त्याने अर्ज केला. लेखी परीक्षा एकदाच, दुसरी संधी नाही. नवं पुस्तक घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून नागपूरच्या कुणाचं तरी जुनं मागवलं. पार्सल दुकानाच्या पत्त्यावर आलं. श्रावण यायचा होता रविवारी. मी उघडून पाहिलं तर शिवण उसवलेली, पानं सुटी, मधेमधे गुलाबी चिटोऱ्या कोंबलेल्या. कुणी खुणेला घातल्या असतील, मला वाटलं. माझ्या भावाने विमानाचं पुस्तक असं फाटकं वाचावं होय? बसले आणि पुन्हा शिवलं, शिकंज्यात दाबलं, वरून निळं कापड चढवलं. पाठीला आतून कागदाच्या पट्ट्या लावाव्या लागतात, नाहीतर पाठ धरत नाही. आम्ही त्याला रद्दी वापरतो. चिटोऱ्या अगदी मापाच्या होत्या, कापाव्याही लागल्या नाहीत. मला त्याचाही आनंद झाला होता, काय सांगू.

श्रावणने पुस्तक पाहिलं आणि कितीतरी वेळ त्या निळ्या कापडावरून हात फिरवत बसला. मग सहा महिने पाठ केलं. कोणत्या दिशेला उडताना किती उंचीवर राहायचं, ते जेवता जेवता मला म्हणून दाखवायचा. मला काय कळतंय डोंबल! मी आपली मान हलवायची. निकाल आला. नियमांच्या पेपरात सहा मार्कांनी नापास.

मग तो अकोल्याला एसटीच्या डेपोत कारकून लागला. लग्न झालं, संसार झाला. कुणालाही दोष दिला नाही, हीच तर पंचाईत. सगळा दोष त्याने स्वतःच्या डोक्याला दिला. बढतीसाठी खात्याच्या परीक्षेचा फॉर्म तीनदा समोर आला, तीनदा त्याने कोराच परत केला. त्याची बायको सत्यभामा सांगून सांगून थकली. "आपलं डोकं तेवढंच हाये," एवढंच म्हणायचा, अगदी शांतपणे.

आता आमच्या विहारात वाचनालय निघतंय. पुस्तक तिथे देऊन टाकतो, तेवढी पाठ नवी करून दे, म्हणून तो आज सकाळच्या गाडीने अकोल्याहून आला होता. पुस्तक माझ्यापुढे ठेवून चहा सांगायला गेला.

एका चिटोरीवर अठ्ठेचाळीस होतं. मी अठ्ठेचाळिसावं पान काढलं. त्यावर चिटोरी ठेवून पाहिली. मधल्या एका मजकुरावर ती बरोब्बर बसली, लांबीला तेवढीच, रुंदीला तेवढीच. दुसरी ठेवली, त्रेपन्नाव्या पानावर. तीही बसली. नियम बदलले होते, जुनं झाकायला नवं छापून पाठवलं होतं कुणी. अकरा वर्षं ते माझ्या खळीखाली होतं.

शेजारी शेगडीवर खळ शिजत होती. नऊ कागद म्हणजे जळायला किती वेळ? मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. काहीच आलं नाही. मी खळ ढवळत राहिले, तोवर तो चहा घेऊन आला.

"श्रावण, हे वाच."

त्याने उभ्याउभ्याच एक वाचली. मग खाली बसला. पान उलटून पाहिलं, दुसरी घेतली, तिसरी घेतली. चहावर साय धरली.

"हे कुठून निंगालं, बाई?"

"पाठीतून. मीच लावलं होतं. मले वाटलं रद्दी हाये."

त्याने तिसरी चिटोरी तिच्या पानावर ठेवून पाहिली. मग म्हणाला, "म्या जे लिवलं, ते या पुस्तकाले धरून बरोबर होतं."

"हो."

"म्हंजे डोकं..." एवढं बोलून तो थांबला.

मी म्हटलं, मले शिव्या दे. मनापासून म्हटलं. त्याने द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

"अकरा वर्षं त्याच देल्ल्या ना, या डोक्याले," तो म्हणाला. "आता नाई उरल्या."

मग त्याने खळीची वाटी मागितली. एकेक चिटोरी आपल्या पानावर ठेवली, कडा जुळवल्या, बोटाने दाबली. नऊच्या नऊ लावल्या. तेव्हापासून नियम आणखी किती बदलले असतील, ते त्यालाही ठाऊक होतं.

पानं वाळल्यावर मी पाठ घ्यायला बसले. रद्दीच्या ढिगातून एक कागद उचलला, पण त्याला खळ लावायला हात होईना. तो कागद मी श्रावणपुढे धरला.

त्याने दोन्ही बाजू पाहिल्या. "शाळेच्या वहीचं पान हाये. लाव."

मी लावलं. दुसरा दिला.

"लग्नपत्रिका. लाव."

तिसऱ्यावर इंग्रजी छापलेलं होतं. तो त्याने उजेडाकडे धरला. वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून पुन्हा वाचला. मी खळीचा ब्रश हातात धरून थांबले होते.

"लाव," तो म्हणाला.