शुल्काची खिडकी

“तुझ्या बापाचा विमानतळ आहे का गं?” असं विचारून सुटाबुटातला माणूस काचेवर थुंकला आणि वर पैसेही भरून गेला. शुल्काच्या खिडकीत बसणाऱ्या ताईंनी सवयीने फडकं उचललं. थुंकी बाहेरच्या बाजूला होती, आतून पुसली जाणार नव्हती. तरी त्यांनी काच पुसली.

आदल्या रात्रीपासून प्रवाशांकडून घ्यायचं विमानतळ-शुल्क जवळजवळ दुप्पट झालं होतं. नव्या टर्मिनलचं कर्ज विमानतळाच्या डोक्यावर बसलेलं. विमान कंपन्या उतरण्याचं भाडं वाढवू देईनात, आणि तिकीट महाग दिसतं म्हणून हे शुल्क तिकिटात धरायलाही तयार नव्हत्या. मग उरला कोण, तर प्रवासी. त्याने सामान द्यायचं, या खिडकीवर रोख पैसे भरायचे आणि बोर्डिंग पासावर शिक्का घ्यायचा. शिक्का नसेल तर पुढचं दार बंद. ठरवणारे वरच्या मजल्यावर थंड हवेत बसायचे आणि शिव्या खायला खाली ताई होत्याच.

विमानतळाचा हात ताईंच्या घरापर्यंतही पोचला होता. नवरा टॅक्सी चालवायचा. फाटकातून आत यायला टॅक्सीवाल्यांना पैसे लागू झाले, ते वाढत गेले आणि शेवटी त्याने टॅक्सी विकून टाकली. तेव्हापासून तो घरी बसून बायकोलाच विमानतळ समजून भांडायचा. दिवसा परक्यांच्या शिव्या, रात्री घरच्या. घर मात्र तिच्याच पगारावर चालायचं.

रांगेत पुढे आलेला पोरगेला माणूस वेल्डर होता. परदेशी कंत्राटावर निघालेला. त्याने पासपोर्टात पास घालून खिडकीखालच्या फटीतून आत सरकवला आणि बरोबर मोजलेल्या नोटा ठेवल्या. जुन्या दराच्या.

“काल वाढलं,” ताईंनी काचेवरचा कागद दाखवला. “अजून जवळजवळ तेवढेच द्यावे लागतील.”

“एजंटने एवढेच सांगितले होते हो. माझ्याकडे आता काहीच नाही. खिसे बघा पाहिजे तर.”

“कुणाकडून मागवा.”

“सोडायला आलेला भाऊ बस पकडून गेला. ताई, तिथं पोचलो की पहिल्या पगारातून पाठवतो. आईशपथ.”

“शपथेची पावती फाडता येत नाही मला.”

मागची रांग हसली. हे वाक्य ताईंचं नेहमीचं होतं, आणि त्यावर लोक हसतात हे त्यांना माहीत होतं. वेल्डरचे कान लाल झाले.

“साहेबांना तरी विचारा.”

“साहेब दहाला येतात. मी नियम केलेला नाही. बाजूला व्हा, लोक थांबलेत.”

मागच्याने त्याला कोपराने ढकललं. “ए, हो ना बाजूला! फुकट्या!”

वेल्डर वळला आणि त्याने त्या माणसाच्या तोंडावर ठोसा मारला. माणूस बायकोच्या अंगावर कोसळला, ट्रॉली उलटली, कुणीतरी किंचाळलं. मग वेल्डर पुन्हा खिडकीकडे वळला. त्याचा हात फटीतून आत आला, ताईंच्या गणवेशाची कॉलर त्याच्या मुठीत गेली आणि ताईंचं तोंड काचेवर आदळलं. एकदा, मग पुन्हा. ओठ फुटला. नोटांवर रक्त सांडलं.

“नियम! नियम! घर विकलंय आम्ही या तिकिटासाठी!” तो ओरडत होता.

मग त्याला रक्त दिसलं. मूठ सैल झाली आणि हात बाहेर गेला. तो काचेपलीकडे उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडलेला.

“चुकलं ताई,” तो म्हणाला. “चुकलं. पासपोर्ट द्या. जातो मी.”

त्याने पासपोर्ट घ्यायला हात हळूच फटीत घातला. ताईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग डोक्यावरच्या लोखंडी शटरची कडी धरली आणि सगळा भार टाकून खाली ओढली.

बोटं मोडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. तो गुरासारखा ओरडला. ताईंनी कडी सोडली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं.

सुरक्षारक्षक धावत आले. त्यांनी शटर उचललं, वेल्डरला फरशीवर पाडलं आणि काठ्यांनी पाठ, मांड्या, पोटऱ्या सोलून काढल्या. मोडलेला हात तो पोटाशी धरून ठेवत होता. रांगेतले दोघे-तिघे पुढे होऊन लाथा घालून गेले, त्यात पुढच्या दारापासून परत आलेला तो थुंकणाराही होता. ताई आतून बघत होत्या. बरं वाटणं कधी संपलं ते त्यांना कळलं नाही. “पुरे करा,” त्या म्हणाल्या, पण काचेतून आवाज बाहेर गेला नाही.

साहेब त्या दिवशी दहाच्या आधीच आले. पोलीस चौकीबाहेर त्यांनी ताईंना बाजूला घेतलं.

“जबाब सरळ आहे. त्याने हल्ला केला, तुम्ही जीव वाचवायला शटर ओढलं. बस्स. आत जाईल लेकाचा चार-पाच वर्षं. उद्यापासून खिडकीवर कुणाचा हात उठणार नाही.”

“त्याने हात काढून घेतला होता, साहेब.”

“कुणी पाहिलं? कॅमेरा गल्ल्यावर आहे, माणसांवर नाही.”

“मी पाहिलं ना.”

“ताई, डोकं ठिकाणावर आहे का? त्याने तुमचं तोंड फोडलंय! आणि नोकरी गेली तर घरी काय खाणार?”

नवऱ्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं. सुजलेल्या ओठावर रुमाल दाबून त्या आत गेल्या आणि पोलिसाला म्हणाल्या, “लिहून घ्या. त्याने मला मारलं, ते खरं आहे. पण मारून झालं होतं. माफी मागून तो पासपोर्ट घेत होता, तेव्हा मी शटर ओढलं. मुद्दाम. त्याचा हात जावा म्हणूनच ओढलं.”

पोलिसाचं पेन थांबलं. “बाई, हे तुमच्यावर शेकेल.”

“लिहा.”

दारात उभ्या साहेबांनी हात पुढे केला. ताईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

कुणाचीच तक्रार उरली नाही म्हणून गुन्हा न नोंदवता पोलिसाने दोघांनाही समज दिली, दोघांच्याही सह्या घेतल्या. वेल्डरने सहीऐवजी डाव्या हाताचा अंगठा उमटवला. उजवा कोपरापर्यंत पट्टीत होता. त्याचं विमान केव्हाच गेलं होतं. झडतीसाठी काढलेले बूट पोलिसाने त्याच्यापुढे टाकले. बाकावर बसून त्याने पाय आत सरकवले आणि डाव्या हाताने नाडी बांधायला लागला. एक टोक दातात धरायला तो वाकला, तेव्हा काठीचे वळ दुखून कण्हला.

ताई पुढे झाल्या आणि त्याच्यासमोर खाली बसल्या.

“हात लावू नका,” तो म्हणाला.

त्यांनी हात मागे घेतले आणि मांडीखाली दाबून धरले. तो पुन्हा वाकला. नाडी सुटली. त्याने पुन्हा धरली, पुन्हा सुटली. पोलीस म्हणाला, “बाई, तुमचं झालंय, तुम्ही जा आता.”

त्या उठल्या नाहीत. फरशीवर, त्याच्या पायांपाशी, त्या बसून राहिल्या. नाडी पुन्हा सुटली.